पडद्यामागचं जिम्नॅस्टिक्स: नाशिकहून पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेच्या कामाला निघणाऱ्यांसाठी

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आणि तिथल्या खेळांच्या यादीत आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सही आहे. हे कळल्यापासून आमच्या पंचवटीतल्या तालमीत एक प्रश्न सारखा येतो. "ताई, खेळायला नाही, पण तिथं आत काम करायला मिळेल का?" विचारणारे कुणी अकरावी-बारावीचे, कुणी बी.पी.एड. करणारे, एक जण अंबडच्या कारखान्यात फिटर. द्वारकेवरून रात्री बसमध्ये बसलं की सकाळी अहमदाबाद. आपल्या इतक्या जवळ ही संधी याआधी आली नव्हती.

मी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये, जिम्नॅस्टिक्सच्या साहित्य पथकात स्वयंसेवक होते. पुढे राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर हेच काम अनेकदा केलं. पंजाब मेलमधून दिल्लीला उतरले तेव्हा मला दोरीचा मल्लखांब येत होता, जिम्नॅस्टिक्स टीव्हीवर पाहिलेलं होतं आणि आत काय चालतं याची काहीही कल्पना नव्हती. जे मला चुकतमाकत कळलं, ते तुम्हाला जायच्या आधीच माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी काम कोणतं ते ठरवा

अर्जात "कुठलंही काम चालेल" असं लिहू नका. असं लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा फाटकावर किंवा पार्किंगमध्ये उभं करतात. तेही काम महत्त्वाचंच आहे, पण तुम्हाला जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये जायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

हॉलमध्ये साधारण एवढी कामं असतात: साहित्य पथक (मॅट, साहित्याच्या उंच्या, स्प्रिंगबोर्ड म्हणजे उसळीची फळी, चॉक), वॉर्म-अप हॉल, खेळाडूंना वेळेवर रांगेत उभं करून मार्च-इनसाठी आत नेणं, पंचांच्या टेबलांमध्ये कागद पोचवणारे रनर, संगीत आणि गुणफलकाची मदत, पदक समारंभ, पत्रकार कक्ष, आणि उत्तेजक चाचणीसाठी खेळाडूसोबत राहणारे चॅपरॉन. यातलं संगीत लावण्याचं काम बाहेरून सोपं वाटतं. महिलांच्या फ्लोअरला, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीला, संगीत असतं, पुरुषांच्या फ्लोअरला नसतं. आणि चुकीच्या मुलीचं संगीत वाजलं तर अख्खा हॉल तुमच्याकडे बघतो. डोकं शांत असेल तरच ते मागा.

आमच्या फिटर मुलाला मी साहित्य पथकच सुचवलं. हाय बार (उंच आडवा दांडा) आणि अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे) तारांनी ताणून जमिनीला बांधलेले असतात, तारेला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) असतं, आणि कुठला नट किती आवळायचा हे त्याच्या हाताला आधीच कळतं. आठ तास यंत्रासमोर उभं राहण्याची सवय हीसुद्धा पात्रताच आहे.

पंच व्हायचं असेल तर तो वेगळा रस्ता आहे. त्याला परीक्षा आणि परवाना लागतो, स्वयंसेवकाच्या अर्जातून तिथं जाता येत नाही.

२. कागदपत्रं

- आधार कार्ड, आणि त्यावरचं नाव नीट तपासलेलं
- पासपोर्ट (परदेशातल्या स्पर्धेसाठी, मुदत किमान सहा महिने उरलेली असावी)
- पांढऱ्या पार्श्वभूमीचा नवा फोटो, डिजिटल प्रतीसह
- पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला
- आधी केलेल्या कामाची प्रमाणपत्रं, तासांच्या उल्लेखासह
- प्रथमोपचाराचा कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र
- १८ पूर्ण झाल्याचा पुरावा

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं तीन तुकड्यांत लिहायची पद्धत. फॉर्ममध्ये दोनच रकाने असतात. कुणी मधलं नाव गाळतं, कुणी पहिल्या नावाला जोडतं, आणि प्रवेशाचं कार्ड छापून येतं तेव्हा ते ओळखपत्राशी जुळत नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, प्रत्येक ठिकाणी लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी तर अर्ज करण्याआधी सगळे कागद एका नावावर आणून घ्यावेत. एका स्पर्धेत माझ्या सोबतच्या मुलीचं कार्ड याच कारणाने तीन दिवस अडकलं. स्पर्धा चार दिवसांची होती.

पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्जावर मिळतो. पण शहरात राहणाऱ्यांचं काम पोलीस आयुक्तालयाकडे आणि सिन्नर, दिंडोरी, निफाडकडच्यांचं ग्रामीण पोलिसांकडे असतं. पत्ता एकीकडचा आणि अर्ज दुसरीकडे, असं झालं की तो परत येतो. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार जवळ ठेवा.

पैशांचंही आधीच सांगते. स्वयंसेवकाला पगार नसतो. गणवेश, ड्युटीच्या वेळचं जेवण आणि बहुधा शहरातला प्रवास मिळतो. तिथवर जाण्याचा आणि राहण्याचा खर्च सहसा आपला आपणच करायचा असतो. "इतके हजार भरा, नक्की निवड करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. निवडीसाठी पैसे घेतले जात नाहीत.

३. नाशिकमध्येच हात बसवून घ्या

थेट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जायची घाई करू नका. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आयोजकांना माणसं नेहमी कमी पडतात. मॅट उचलायला येतो म्हणालात तर कुणी नाही म्हणत नाही. जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाल्या, त्यात जिम्नॅस्टिक्स होतं. असं काही पुन्हा आपल्या राज्यात आलं तर सोडू नका.

मल्लखांब करणाऱ्यांना मी वेगळं सांगते, कारण आपल्याकडे तो रक्तात आहे. पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांना सप्तशृंगी गडावर मल्लखांबाचा दृष्टांत झाला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. लाकडाला एरंडेल किती लावायचं, हाताला राळ किती घ्यायची, हे ज्याला कळतं त्याला चॉकचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. जिम्नॅस्टिक्समधला चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, त्याचा फळ्यावरच्या खडूशी संबंध नाही. पॅरलल बारवर (दोन समांतर दांड्यांवर) काही खेळाडू त्यासोबत मध किंवा साखरेचं पाणीही वापरतात. तो चिकट थर प्रशिक्षक स्वतः घासून आपल्याला हवा तसा करून घेतात. आपण होऊन बार पुसायला जाऊ नका.

तीन गोष्टी घरी बसून पाठ करा. पहिली, साहित्याचा क्रम. पुरुषांचा फ्लोअर, पॉमेल हॉर्स (मुठी बसवलेला घोडा), रिंग्ज, वॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), पॅरलल बार, हाय बार. महिलांचा वॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी), फ्लोअर. दुसरी, उंच्या, त्या पुढे देते. तिसरी, गुणांची पद्धत: काठिण्याचे गुण शून्यापासून वर चढतात, सादरीकरणाचे दहापासून खाली उतरतात, आणि दोन्हींची बेरीज फलकावर दिसते. ही पद्धत २००६ पासून आहे. घरचे अजून "दहापैकी किती?" विचारतील, तुम्ही तरी गोंधळू नका.

४. पोडियम ट्रेनिंगचा दिवस चुकवू नका

मुख्य स्पर्धेआधी संघांना प्रत्यक्ष स्पर्धेच्या साहित्यावर सराव मिळतो, त्याला पोडियम ट्रेनिंग म्हणतात. पोडियम म्हणजे साहित्य मांडलेला उंच मंच. ज्यांनी फक्त जमिनीवर मांडलेलं साहित्य पाहिलं आहे त्यांना इथं पहिल्यांदा कळतं की मंच थोडा दबतो, आवाज वेगळा येतो, आणि कडेवरून पाय घसरला तर माणूस खाली पडतो. मॅट ओढताना उलटं चालू नका. आमच्या पथकातला एक जण असाच मागे मागे जात थेट खाली गेला आणि त्याची स्पर्धा तिथंच संपली.

याच दिवशी आपल्या जागा ठरवून घ्या: चॉकचं भांडं कुठं, जादा मॅट कुठं, स्प्रिंगबोर्ड बाजूला काढला की ठेवायचा कुठं. आणि रोटेशन बदलताना, म्हणजे खेळाडू एका साहित्यावरून पुढच्यावर जाताना, तुम्ही कुठल्या बाजूने बाहेर पडणार, हेही. खेळाडू एका ओळीत येत असताना तुम्ही समोरून मॅट घेऊन येणं बरं दिसत नाही आणि धोक्याचंही आहे.

५. मोजा, आणि दुसऱ्याला मोजायला लावा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

२१ सप्टेंबर २०००, सिडनी ऑलिंपिक, महिलांची वैयक्तिक सर्वांगीण (चारही साहित्यांची मिळून) अंतिम फेरी. तेव्हा वॉल्टला जुना हॉर्स (लांबट घोड्यासारखं साहित्य) होता, आजचं टेबल २००१ पासून आलं. जगातल्या उत्तमोत्तम मुली वॉल्टवर एकामागून एक चुकत होत्या. कुणी बसकण मारत होती, कुणी गुडघ्यांवर येत होती. जेतेपदाची मोठी दावेदार, रशियाची स्वेतलाना खोरकिना पडली. मग तिच्यावर इतकं दडपण आलं की पुढे बारवरूनही निसटली. दोन रोटेशन झाल्यावर ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरला सरावात वाटलं की उंची बरोबर नाही. मोजलं. १२५ सेंटिमीटरऐवजी १२० होती. आधी वॉल्ट केलेल्यांना पुन्हा संधी देऊ केली, पण खोरकिनाच्या हातून तोवर सामना गेला होता.

पाच सेंटिमीटर म्हणजे आपली तीन बोटं शेजारी शेजारी ठेवली तर होतं तेवढं. धावत येणाऱ्या मुलीला ते डोळ्यांना दिसत नाही. तिचे हात हवेत उंची शोधतात आणि ती तिथं नसते. त्या दिवशी त्या हॉर्सजवळ कुणीतरी आपल्यासारखंच माणूस उभं होतं.

म्हणून या उंच्या तोंडपाठ हव्यात. वॉल्ट: महिला १२५, पुरुष १३५ सेंटिमीटर. बीम: जमिनीपासून १२५, लांबी ५ मीटर, रुंदी फक्त १० सेंटिमीटर. हाय बार आणि रिंग्ज जमिनीपासून २८०. पॅरलल बार २००. पॉमेल ११५. अनइव्हन बार्स २५० आणि १७०. बहुतेक साहित्याखालच्या मॅटची जाडी २० सेंटिमीटर, त्यामुळे तिथं मॅटच्या पृष्ठभागापासून मोजलं तर आकडा २० ने कमी येतो (पॉमेलला मॅट १० ची, तिथं १० ने). नवख्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथंच होतो. एक जण जमिनीपासून मोजतो, दुसरा मॅटवरून, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. टेप लावण्याआधी "कुठून मोजायचं?" हे मोठ्याने विचारा.

दुसरा सापळा असा, की सकाळी पुरुषांचं सत्र असतं आणि दुपारी महिलांचं. वॉल्ट टेबल तेच, उंची १० सेंटिमीटरने खाली आणायची. जेवणाच्या गडबडीत हे राहू शकतं. आम्ही दिल्लीत एक पद्धत ठेवली होती: एकाने उंची लावायची, दुसऱ्याने टेप धरायची, तिसऱ्याने आकडा वाचून कागदावर वेळेसह लिहायचा. अधिकारी तपासतातच, पण ते येण्याआधी आपलं झालेलं असावं. मी आजही तालमीत तशीच वही ठेवते.

अनइव्हन बार्समधलं अंतर आणि पॅरलल बारची रुंदी मात्र प्रत्येक खेळाडूची वेगळी असते. प्रशिक्षक आकडा सांगतो, तो ऐकून परत म्हणून दाखवा आणि मगच फिरवा. उंच खेळाडूसाठी बार वर घ्या अशी विनंती आली तर आपण होऊन हात लावायचा नाही. ती परवानगी पर्यवेक्षकाकडून यावी लागते.

वॉल्टला आणखी एक गोष्ट. उलटं होऊन स्प्रिंगबोर्डवर येणाऱ्या, म्हणजे राउंड-ऑफ करून घेतलेल्या उड्यांना बोर्डभोवती सेफ्टी कॉलर (संरक्षक गादी) लागतेच. ती नसेल तर उडी शून्य धरतात आणि जिवाला धोका वेगळाच. पुढची मुलगी वेगळी उडी घेणार असेल तर कॉलर काढायला सांगतात, मग पुन्हा लावायची. तुमची नजर बोर्डवरून हलू देऊ नका.

आणि मॅटच्या फटी. दोन मॅटमध्ये बोटभर फट राहिली तर वरून उतरणाऱ्याचा घोटा त्यात अडकतो. प्रत्येक खेळाडूनंतर पायाने चाचपून बघा, दिसण्यावर विसंबू नका.

६. खेळाडूच्या खुणांना हात लावू नका

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सविस्तर सांगते.

एका राष्ट्रीय स्पर्धेत मी वॉल्टच्या रनवेवर होते. धावण्याचा पट्टा २५ मीटरचा, बाजूला मोजपट्टी अंथरलेली. रनवेवर चॉकची पांढरी बोटं उमटलेली होती, पावलांची धूळ होती. मला वाटलं, टीव्हीवर दिसणार आहे, स्वच्छ हवं. ओल्या फडक्याने मी पुसत गेले आणि कडेची चॉकची एक आडवी रेघही पुसली. ती रेघ एका मुलीने सरावात मोजून काढली होती. तिचं पहिलं पाऊल तिथून पडायचं.

ती आली, खाली बघितलं, रेघ शोधली. हिरवा दिवा लागला की ३० सेकंदांत सुरुवात करावीच लागते. तिने अंदाजाने जागा धरली, धावली आणि बोर्डच्या आधी अर्धं पाऊल कमी पडून थांबली. परत गेली, पुन्हा धावली, उडी मारली, पण मनासारखी नाही. उतरल्यावर ती माझ्याकडे नाही, त्या जागेकडे बघत होती. मी संध्याकाळी तिच्या प्रशिक्षिकेला शोधून सांगितलं की ते माझ्या हातून झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता कळलं ना, पुढच्या मुलींना सांग." तेव्हापासून सांगते आहे.

तर, रनवेवरची रेघ, चिकटपट्टी, बीमवरची छोटी खूण, चॉकच्या भांड्याशेजारी ठेवलेली, हाताला बांधायच्या चामडी पट्ट्यांची पिशवी, पाण्याची बाटली: यातलं काहीही विचारल्याशिवाय हलवायचं नाही. सत्र संपल्यावर, पर्यवेक्षकाने सांगितल्यावरच साफसफाई.

७. कागद, फलक आणि सेकंद

रनरचं काम मिळालं तर ते हलकं समजू नका. काठिण्याच्या गुणांवर संघाला दाद मागता येते आणि त्याला वेळेची सक्त मर्यादा असते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ५ ऑगस्ट २०२४ ला, महिलांच्या फ्लोअरच्या अंतिम फेरीत अमेरिकेची जॉर्डन चाइल्स शेवटची खेळाडू होती. शेवटच्या खेळाडूसाठी मर्यादा एक मिनिटाची. दाद मान्य झाली, ती तिसरी आली, पदक गळ्यात पडलं. नंतर क्रीडा लवादाने म्हटलं की विनंती एक मिनिट चार सेकंदांनी आली होती, आणि कांस्यपदक रोमानियाच्या आना बर्बोसूकडे गेलं. प्रकरण पुढे स्विस न्यायालयात गेलं. मिनिट उलटलं की विनंती तिथल्या तिथे अडवायची व्यवस्था हॉलमध्ये नव्हती, हे त्या सुनावणीत पुढे आलं. दोन तरुण मुलींना त्यापायी किती सोसावं लागलं ते जगाने पाहिलं.

म्हणून हातात सेकंद दाखवणारं घड्याळ ठेवा, ते सकाळी अधिकृत घड्याळाशी जुळवा, आणि कुठलाही कागद घेतला की त्यावर वेळ टाका. कुणाकडून घेतला तेही.

फलकावर असाल तर आकडे पाठवण्याआधी एकदा मनात वाचा. १९७६ मध्ये माँट्रिऑलला नादिया कोमानेचीला पूर्ण दहा गुण मिळाले तेव्हा फलकाला १०.०० दाखवताच येत नव्हतं, १.०० आलं. ती अडचण यंत्राची होती. आज चुकलं तर बोटाची असते.

८. लहान मुली, फोन आणि टाळ्या

वरिष्ठ महिला गटात वयाची किमान मर्यादा १६ आहे, म्हणजे तुमच्या समोर शाळेतल्या मुली असणार. खेळाडूसोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, नंबर मागायचा नाही, मदत हवी असेल तर आधी प्रशिक्षक किंवा डॉक्टर. अमेरिकेच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला कित्येक मुलींवरच्या अत्याचारांसाठी २०१८ मध्ये शिक्षा झाली, त्यानंतर या खेळात हे नियम फार काटेकोर झाले आहेत आणि ते व्हायलाच हवे होते. काही खटकलं तर "आपल्याला काय करायचंय" म्हणू नका, त्याच दिवशी सांगा.

फोन लॉकरमध्ये. फ्लॅश मारून फोटो तर कुणीच काढायचा नसतो, बीमवरच्या मुलीचा तोल जातो.

टाळ्याही नाहीत. दिल्लीत आशिष कुमारने फ्लोअरवर कांस्य आणि वॉल्टवर रौप्य जिंकलं. राष्ट्रकुलमधली जिम्नॅस्टिक्सची भारताची ती पहिली पदकं. अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं आणि आम्ही साहित्य पथकातले हात मागे बांधून जागेवर. माझ्या शेजारचा मुलगा रडत होता, पण हात त्यानेही सोडले नाहीत.

९. पिशवीत काय

मऊ तळव्याचे, खूण न उमटवणारे स्वच्छ बूट आणि दोन जोडी मोजे. पाच मीटरची टेप. छोटी वही, पेन्सिल. हाताला लावायला मलम, कारण चॉकने कातडी फाटते. घड्याळ. अंगठी, कडं, बकल असलेला पट्टा घरी ठेवा, मॅटचं कापड अडकून फाटतं. दिवस दहा-बारा तासांचा होतो, आणि जेवणाची कुपनं असली तरी रोटेशन लांबलं की जेवण टळतं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते, खोलीवर खाते. हॉलमध्ये खाणं चालत नाही.

परतण्याआधी तासांचा उल्लेख असलेलं प्रमाणपत्र हातात घ्या. "नंतर मेल करू" वर विसंबू नका. पुढच्या अर्जाला तेच लागतं.

अहमदाबादसाठी ज्यांना तयारी करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी सातला आमच्या तालमीत या. उंच्या लावणं, टेप धरणं आणि वहीत नोंद करणं एवढंच दोन तास करतो. टेप माझ्याकडे आहे, पण स्वतःची आणलीत तर बरं, हाताला सवय होते.